हवा सर्वांची, माईक कुणाचा?

इंग्रजी गाणी लावणाऱ्या रेडिओ स्टेशनचा विषय निघाला की आपल्याकडे दोन प्रकारचे लोक ताबडतोब बोलू लागतात. एक म्हणतात, मराठी बुडाली. दुसरे म्हणतात, काय तो धांगडधिंगा, पोरे वाया जाणार. या दोन्ही आवाजांत फुले-शाहू-आंबेडकरी माणसाने आपला आवाज मिसळण्याचे काही कारण नाही. मराठी बुडाल्याची बोंब ठोकणाऱ्यांची स्वतःची मुले कोणत्या माध्यमात शिकतात आणि शिकून कोणत्या देशात जातात, हे आता गल्लीतल्या पोरालाही माहीत आहे. आपला प्रश्न वेगळा आहे. इंग्रजी कुणाच्या कानावर पडते, कुणाच्या पडत नाही, आणि माईकसमोर कोण बसतो, हा तो प्रश्न.

कोल्हापूरचेच उदाहरण घेऊ. आकाशवाणीचे १०२.७ आहे. पुढारी समूहाचे टोमॅटो एफएम ९४.३ आहे. रेडिओ मिर्ची ९८.३ आहे. गंगावेशीतल्या चहाच्या गाड्यापासून शिरोली एमआयडीसीतल्या वर्कशॉपपर्यंत हीच स्टेशने वाजतात. गाणी हिंदी आणि मराठी. दिवसभर इंग्रजी पॉप वाजवणारे स्टेशन ऐकायचे तर आंबोली घाट उतरून गोव्याकडे जावे लागते. रेडिओ इंडिगो ९१.९ हे २००६ मध्ये बंगळूरमध्ये सुरू झालेले स्टेशन गोव्यातही आले. मुंबईत २००२ मध्ये गो ९२.५ निघाले, त्यावर इंग्रजी गाण्यांचा भरणा होता. पुढे त्याचेच रेडिओ वन झाले. म्हणजे जिथे इंग्रजी बोलणारा, गाडी बाळगणारा, क्रेडिट कार्ड वापरणारा श्रोता आहे तिथेच इंग्रजी स्टेशन. धंद्याच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. जाहिरातदार श्रोत्याचा खिसा बघतो, त्याचा शाळेतला पट बघत नाही.

पण सरकारच्या आकाशवाणीला हा हिशेब लावायचे कारण काय होते? तिने देशभर ऐकू येईल असे इंग्रजी पॉप गाण्यांचे राष्ट्रीय स्टेशन कधी काढले नाही. महानगरांतल्या एफएम वाहिन्यांवर इंग्रजी गाण्यांचे काही तास असत, ते महानगरांपुरतेच. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्या वेळी मराठी साहित्य-संस्कृतीच्या ठेकेदारांनी केवढा गहजब केला होता, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. निर्णय योग्यच होता. चूक एवढीच झाली की पुस्तक हातात दिले आणि कान कोरडे ठेवले. भाषा आधी कानातून येते. बंगल्यातल्या मुलाच्या कानावर ती आई-बापाच्या फोनवरल्या बोलण्यातून, मामाच्या अमेरिकेतल्या मुलांकडून, घरात वाजणाऱ्या गाण्यांतून फुकट पडते. राधानगरीच्या किंवा शाहूवाडीच्या वाडीवरला मुलगा ती गुरुजींच्या तोंडून आठवड्याचे काही तास ऐकतो. पुढे इंजिनिअरिंगला पोहोचला तरी मुलाखतीच्या टेबलासमोर त्याची जीभ टाळूला चिकटते. हा गुणवत्तेचा प्रश्न आहे असे सांगणारे खोटे बोलतात.

आता कोणी म्हणेल, मोबाइल आहे, यूट्यूब आहे, रेडिओची गरज काय? मोबाइल आहे हे खरे. पण मोबाइलवर जे शोधाल तेच मिळते. ज्याला गायकाचे नावच माहीत नाही तो काय शोधणार? एकदा एक गाणे ऐकले की यंत्र त्याच जातीची शंभर गाणी पुढे करते. रेडिओ न मागता ऐकवतो. रिचार्ज संपला तरी ऐकवतो. लेथवर उभ्या असलेल्या कामगाराचे हात मोकळे नसतात, कान मोकळे असतात.

इंग्रजीशी आपले भांडण कधीच नव्हते. सावित्रीमाईंच्या १८५४ च्या ‘काव्यफुले’मध्ये इंग्रजीला आई म्हणणारी कविता आहे. बाबासाहेबांनी जगाशी जो व्यवहार केला तो इंग्रजीतून केला. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी ऑल इंडिया रेडिओवरून त्यांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले, तेही इंग्रजीतच. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपल्या गुरूंच्या, बुद्धांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, असे त्यांनी त्या भाषणात स्पष्ट केले. उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी जिल्ह्यातल्या बांका गावी २०१० मध्ये इंग्रजी देवीचे मंदिर बांधायला घेतले गेले. देवी करण्याचा तो प्रकार मला पटत नाही. मंदिरे आपल्याला कमी होती काय? पण त्यामागची भूक खरी होती.

राहिला धांगडधिंग्याचा मुद्दा. संस्कृतिरक्षक ज्याला गोऱ्यांचा नंगानाच म्हणतात ते संगीत मुळात कोणाचे आहे, हे त्यांनी कधी तपासले आहे काय? आजच्या इंग्रजी पॉपचा पाया ब्लूज, गॉस्पेल, रिदम अँड ब्लूज यांत आहे. ही सारी अमेरिकेतल्या गुलामांच्या वंशजांची निर्मिती. १९५५ मध्ये लिटल रिचर्ड या काळ्या गायकाचे ‘टुटी फ्रुटी’ आले. लगेच १९५६ मध्ये पॅट बून या गोऱ्या गायकाने तेच गाणे धुऊन-पुसून गायले आणि पॉपच्या राष्ट्रीय यादीत ते मूळ गाण्याच्या वर गेले. गाणे काळ्यांचे, रेडिओ गोऱ्यांचा. आपल्याकडे शाहिरी आणि लोककलेच्या चालींचे काय झाले हे ज्याला माहीत आहे, त्याला ही गोष्ट नवी वाटणार नाही.

काळ्या समाजाने यावर काय केले, ते महत्त्वाचे. १९४८ मध्ये मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए या स्टेशनने काळ्या निवेदकांना माईकवर बसवून सारे कार्यक्रम काळ्या श्रोत्यांसाठी करायला सुरुवात केली. मालक मात्र गोरेच होते. १९४९ मध्ये जेसी ब्लेटन या काळ्या गृहस्थांनी अटलांटातले डब्ल्यूईआरडी हे स्टेशन विकत घेतले. काळ्या मालकीचे अमेरिकेतले ते पहिले रेडिओ स्टेशन. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचे कार्यालय त्याच इमारतीत होते. किंग यांना काही सांगायचे असले की ते झाडूच्या दांड्याने छताला ठोकत आणि वरच्या मजल्यावरून माईक खाली सोडला जाई, असे तिथले लोक सांगतात. गाणी वाजवणारे स्टेशन आपल्या मालकीचे असले की गरजेच्या वेळी तेच चळवळीचे तोंड होते, एवढे यातून कळले तरी पुरे.

आपल्याकडचा इतिहास उलटा आहे. रेडिओवर कोणी गावे, कोणते वाद्य वाजावे, कोणत्या उच्चारात बोलावे, हे ठरवणारे लोक पहिल्यापासून वरच्या थरातले. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. पेटी परदेशी, तिच्यात शास्त्रशुद्ध श्रुती नाहीत, असा युक्तिवाद होता. गंमत अशी की बंदी घालण्यात पाश्चात्त्य संगीत विभागाचा एक इंग्रज प्रमुख पुढे होता आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या शुद्धतावाद्यांनी ती आनंदाने चालू ठेवली. १९७१ मध्ये ती अंशतः उठली. पेटी कोणाची होती? भजनी मंडळाची, तमाशाच्या फडाची, आंबेडकरी जलशाची. गावोगाव बाबासाहेबांचा विचार घेऊन फिरलेल्या भीमराव कर्डकांच्या जलशाला पेटी-ढोलकी लागायची, सारंगी नाही. एका वाद्यावर तीस वर्षे बंदी म्हणजे त्या वाद्याभोवती जमणाऱ्या माणसांवर किती बंदी, याचा हिशेब संगीताच्या इतिहासकारांनी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुण्याचे. १९६२ पर्यंत ते त्या खात्यात होते. सिनेमाची गाणी हलकी, त्यांनी जनतेची अभिरुची बिघडते, म्हणून त्यांनी ती रेडिओवरून जवळजवळ हद्दपार केली. जनतेने काय केले? सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला. अमीन सयानींची बिनाका गीतमाला घराघरांत गेली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. ब्रिटनमध्ये दहा वर्षांनी हेच घडले. बीबीसी तरुणांची गाणी पुरेशी वाजवत नव्हती म्हणून समुद्रात जहाजे उभी करून रेडिओ कॅरोलाइनसारखी चोरटी स्टेशने १९६४ पासून गाणी वाजवू लागली. ऑगस्ट १९६७ मध्ये सरकारने त्यांना बेकायदा ठरवले आणि ३० सप्टेंबर १९६७ रोजी बीबीसीने स्वतःच पॉप गाण्यांचे राष्ट्रीय स्टेशन, रेडिओ वन, सुरू केले. त्यावरही काळ्यांच्या संगीताला पुरेशी जागा नाही अशी ओरड होत राहिली. शेवटी २००२ मध्ये त्याच बीबीसीने वनएक्स्ट्रा हे काळ्या संगीताचे वेगळे स्टेशन काढले आणि एशियन नेटवर्कही त्याच वर्षी देशभर नेले.

आकाशवाणीने सगळेच वाईट केले असे मी म्हणणार नाही. १९६३ मध्ये सुरू झालेल्या सांगली केंद्राने पंचगंगा-कृष्णेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला हवामान सांगितले, बी-बियाणे सांगितले, लोकगायकांना काही तास दिले. पण भीमगीताची जागा काय होती? १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर. वामनदादा कर्डकांनी हजारो गीते रचली, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे आवाज महाराष्ट्राच्या वस्त्या-वस्त्यांत पोहोचले, ते रेडिओच्या कृपेने नव्हे. ते कॅसेटने पोहोचले. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर फडक्यावर मांडलेल्या, दहा-वीस रुपयांच्या कॅसेटने. ऑडिशनच्या काचेमागे बसलेल्या परीक्षकाला कॅसेटने पहिल्यांदा बाजूला सारले.

आणि ती काच फक्त गाण्यापुरती नव्हती. रेडिओवर माणूस दिसत नाही, त्याची जात कपाळावर दिसत नाही, म्हणून हे सर्वात समतेचे माध्यम असायला हवे होते. प्रत्यक्षात कानाने जात ओळखण्याचे शास्त्र इथे तयार झाले. ‘ण’ चा ‘न’ झाला की उमेदवार बाद. पानी म्हणणारा बाद, लोनी म्हणणारा बाद. सदाशिव पेठेतला उच्चार तो शुद्ध, कागल-गडहिंग्लजचा तो गावंढळ. आकाशवाणी हे नावच पाहा ना, पुराणातली, बोलणारा न दिसणारी वाणी. ती कधी मांगवाड्याच्या बोलीत झाल्याचे कोणी ऐकले आहे?

खासगी एफएमने ही काच फोडली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. निवेदक हिंदी, इंग्रजी, मराठी यांची भेळ करून बोलू लागले. कोल्हापूरची रांगडी बोली हवेवर आली. फक्त ती बऱ्याचदा आली हसवण्यासाठी. बोलीतला माणूस म्हणजे विनोद, आणि कामाचे, शहाणपणाचे काही सांगायचे असले की पुन्हा पुस्तकी मराठी, असा हा व्यवहार आहे. इंग्रजी स्टेशनवर तर उच्चाराची ही चाळणी दुप्पट बारीक. तिथे मराठीतला ‘ण’ चालत नाहीच, इंग्रजीतला ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ही कॉन्व्हेंटचाच लागतो.

मग या हवेचा मालक कोण? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी देऊन ठेवले आहे. क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे. ती ना सरकारची, ना भांडवलदाराची. हे निकाल लिहिणारे दोन न्यायमूर्ती म्हणजे आपले पी. बी. सावंत आणि बी. पी. जीवन रेड्डी. हेच दोघे १९९२ च्या मंडल खटल्याच्या नऊ जणांच्या खंडपीठात होते आणि त्यातला बहुमताचा मुख्य निकाल जीवन रेड्डींनी लिहिला होता. पण मंडलचा निकाल नोकऱ्यांना लागू झाला आणि लहरींचा निकाल लिलावाला जुंपला गेला. दोन्ही एकत्र वाचायचे कोणाला सुचले नाही, किंवा सुचू दिले नाही.

१९९९-२००० मध्ये खासगी एफएमचा पहिला लिलाव झाला. जुलै २००१ मध्ये बंगळूरला पहिले खासगी स्टेशन लागले. २००५ मध्ये दुसरा टप्पा, २०१५ मध्ये तिसऱ्या टप्प्याचा लिलाव. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी २३४ शहरांतल्या ७३० वाहिन्यांचा लिलाव मंजूर केला, राखीव किंमत ७८४ कोटी ८७ लाख रुपये. या यादीत महाराष्ट्रातली लातूर, चंद्रपूर, वर्धा, यवतमाळ अशी शहरे आहेत. मातृभाषेतल्या कार्यक्रमांना चालना मिळेल असे सरकारने सांगितले. या सगळ्या टप्प्यांत अनुसूचित जाती-जमातींसाठी किती वाहिन्या राखीव? एकही नाही.

पेट्रोल पंप आणि गॅस एजन्सी देताना सरकारी तेल कंपन्या अनुसूचित जाती-जमातींना साडेबावीस टक्के जागा राखून ठेवतात. त्यात बेनामी कारभार चालतो, नाव आपल्या माणसाचे आणि गल्ला दुसऱ्याचा असे होते, हेही खरे. तरी तत्त्व मान्य झालेले आहे. मग जमिनीखालच्या तेलाला जे तत्त्व लागू ते डोक्यावरच्या हवेला का नाही? अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशाने १९७८ मध्ये अल्पसंख्याकांना स्टेशन विकणाऱ्याला करसवलत देण्याचे धोरण आणले. परवाने देताना अल्पसंख्याकांच्या मालकीला झुकते माप देण्याचे धोरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये उचलून धरले. १९९५ मध्ये तिथल्या काँग्रेसने ती करसवलत काढून टाकली, कारण प्रस्थापित तिथेही झोपलेले नाहीत. आणि आपण? २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम ज्या संस्थानात काढला, त्या कोल्हापुरातसुद्धा लहरींच्या आरक्षणाची मागणी जाहीर सभेत कधी झाल्याचे मला स्मरत नाही.

खासगी स्टेशनला स्वतःची बातमी देण्याची परवानगी नाही, आकाशवाणीचीच बातमी जशीच्या तशी लावता येते, हा आणखी एक फास. सप्टेंबर २००६ मध्ये खैरलांजी घडली. त्यानंतर महाराष्ट्र धुमसत असताना एफएमवर बातमी सांगणे नियमातच बसत नव्हते. गाणी लावायला मात्र पूर्ण मुभा. सरकारला असा रेडिओ परवडतो.

यावर आपल्यातलेच काही कडवे कार्यकर्ते म्हणतील की पॉप गाणी हे जागतिकीकरणाचे अफू आहे, त्यात आपण कशाला पडायचे? त्यांना एवढेच विचारतो की जलसा काय होता? लोकांना आवडणाऱ्या चालीत, लोकांच्या करमणुकीच्या जागेत घुसून विचार सांगणे, हाच जलसा. ज्या गाण्यावर वस्तीतला पोरगा नाचतो ते गाणे शत्रूच्या हाती सोडून आपण व्याख्यानमाला घ्यायच्या, याला मी शहाणपणा म्हणत नाही.

तेव्हा प्रसारभारतीने इंग्रजी गाण्यांचे, तरुणांचे राष्ट्रीय स्टेशन काढावे आणि ते कोल्हापूर, नांदेड, गडचिरोलीपर्यंत एफएमवर ऐकू यावे, ही मागणी आपण बेधडक केली पाहिजे. अट एकच. त्याचे निवेदक जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकलेले असावेत, राखीव जागा भरून घेतलेले असावेत, आणि गाण्याआधी दोन शब्द त्या गाण्याविषयी सोप्या इंग्रजीत आणि मग मराठीत सांगणारे असावेत. उच्चार आमचाच राहील. वेस्ट इंडीजचा माणूस आपल्या उच्चारात इंग्रजी गातो आणि जग ऐकते, मग करवीर तालुक्याच्या उच्चाराने काय घोडे मारले?

दुसरी गोष्ट सरकारवर अवलंबून नाही. २००६ च्या धोरणानुसार किमान तीन वर्षे नोंदणी झालेल्या स्वयंसेवी संस्थेला कम्युनिटी रेडिओ काढता येतो. शैक्षणिक संस्थांना तर त्याआधीपासूनच. शंभर वॅटचे छोटे यंत्र, आठ-दहा किलोमीटरचा टापू. आंध्रात, आताच्या तेलंगणात, तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातल्या पास्तापूरच्या परिसरातल्या दलित बायकांनी ऑक्टोबर २००८ मध्ये संघम रेडिओ सुरू केला. त्या शेतमजूर बायका आहेत. त्या स्वतः रेकॉर्डिंग करतात, स्वतः बोलतात, आपल्या बोलीत गातात. आपल्या शेजारी म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी चालते, तीही माणदेशातल्या बायकांच्या आवाजात.

आपल्याकडे शिक्षणसंस्था आहेत, वसतिगृहे आहेत, विहारांचे ट्रस्ट आहेत. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेवर एकेका मंडळाचा किती खर्च होतो, हे मंडळाच्या खजिनदाराला विचारा. येत्या वार्षिक सभेत प्रत्येक सभासदाने उभे राहून आपल्या संस्थेच्या अध्यक्षांना विचारावे की कम्युनिटी रेडिओचा अर्ज कधी करणार? आणि कोल्हापूर व हातकणंगले या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांना लेखी विचारावे की नव्या ७३० वाहिन्यांत साडेबावीस टक्क्यांप्रमाणे होणाऱ्या एकशे चौसष्ट वाहिन्यांविषयी तुम्ही संसदेत प्रश्न कधी टाकणार आहात.